योगाची मॅट घेताना आधी फरशी बघा

पंचवटीत आमच्या घरी शहाबादी फरशी आहे. डिसेंबरात निफाडचा पारा उतरला, की तिच्यावर पाठ टेकवत नाही. गल्लीतल्या बायकांना मी आसनं शिकवते, तेव्हा पहिला प्रश्न असतो, "ताई, जाडच घेऊ ना?"

नको. दहा-बारा मिलिमीटरच्या मऊ फोमवर वृक्षासनात, म्हणजे एका पायावर, उभं राहून बघा, घोटा डुगडुगतो. उभ्या आसनांना 4 ते 6 मिलिमीटर पुरे. जाड मॅट पोटाच्या, आडव्या व्यायामांना ठीक. गुडघे बोलत असतील तर त्यांच्याखाली सोलापुरी चादरीची घडी सरकवा, पैसे वाचतात.

लांबी मोजून घ्या. नेहमीची मॅट साधारण 173 सेंटिमीटर भरते. आमचे 'हे' सहा फुटी, शवासनात टाचा थेट फरशीवर! त्यांच्यासारख्यांनी 183 किंवा जास्त मागावी.

दुकानात लाजू नका. मॅट जमिनीवर पसरायला लावा, तळहात दाबून पुढे ढकला. हात किंवा मॅट सरकली, तर अधोमुख श्वानासनात (हात-पाय जमिनीवर, कंबर वर) तुम्हीही सरकणार. पीव्हीसी म्हणजे प्लास्टिकची मॅट स्वस्त नि टिकाऊ, टीपीई म्हणजे रबरासारख्या लवचीक प्लास्टिकची हलकी. नैसर्गिक रबराची पकड सरस, पण ती जड, सुरुवातीला वास मारते आणि लॅटेक्सची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी टाळावी. नुसत्या प्राणायामाला घरची सतरंजीच बरी, असं माझं ठाम मत.

धुतल्यावर सावलीत वाळवा. गच्चीवरच्या उन्हात रबर तडकतं.