धुरकट स्कॉच चाखताना: आधी नाक, मग पाणी

ग्लासभर बर्फ, वर सोडा, पहिल्याच घोटाला नुसता धूर आणि पाच मिनिटांनी सगळं पांचट. धुरकट ब्लेंड, म्हणजे अनेक व्हिस्की मिसळून केलेली स्कॉच, अनेकांना आवडत नाही ती या पद्धतीमुळे.

धूर येतो पीटमधून. दलदलीत हजारो वर्षं साठलेल्या, अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा हा थर वाळवून जाळतात आणि त्या धुरावर मोड आलेली बार्ली सुकवतात. धुरातली फिनॉलं, म्हणजे धुरकट वासाची रसायनं, दाण्याला चिकटतात, ती डिस्टिलेशननंतरही उरतात. जॉनी वॉकर ब्लॅक लेबलमधला धूर स्कॉटलंडच्या आयला बेटावरच्या कल ईलासारख्या माल्टमधून, म्हणजे फक्त मोड आलेल्या बार्लीच्या व्हिस्कीतून येतो. पण त्यात मका-गव्हासारख्या धान्यांची ग्रेन व्हिस्की आणि बिनधुराचे माल्टही असतात. शोधायचं ते धुराखालचं: मनुका, व्हॅनिला, संत्र्याची साल.

ग्लास तोंडाशी निमुळता हवा. ग्लेनकेर्न हा व्हिस्की चाखायचा खास ग्लास नसेल तर वाइनचा छोटा ग्लास चालतो. रुंद टम्बलरमधून वास उडून जातो. साबणाचा वास राहिला असेल तर साध्या पाण्याने पुन्हा विसळा. ३० मिली ओता, दहा मिनिटं तसंच ठेवा. खोलीत अगरबत्ती असेल तर हा कार्यक्रम उद्यावर ढकला.

नाक ग्लासात खुपसू नका, अल्कोहोलने ते बधिर होतं. ग्लास हनुवटीपाशी धरा, तोंड किंचित उघडं ठेवून हळूहळू वर आणा. चुलीवर धुरावलेलं दूध, डांबर, टिंक्चर आयोडिन असं काही आठवलं तर वाट बरोबर आहे. धुराशिवाय काहीच लागेना, तर आपल्याच शर्टाची बाही हुंगून परत या; थकलेलं नाक सावरतं.

पहिला घोट अगदी लहान, फक्त जिभेला सवय व्हावी म्हणून. त्यावर मत बनवू नका. दुसरा दहा सेकंद तोंडात फिरवा, गिळल्यावर नाकातून श्वास सोडा. धुराची खरी लांबी तिथे कळते.

आता पाणी, चमच्याने. भारतात ब्लॅक लेबल ४२.८ टक्के अल्कोहोलची मिळते. ३० मिलीत एक चहाचा चमचा, म्हणजे ५ मिली, घातलं की ती सुमारे ३६.७ वर येते, दोन चमच्यांनी ३२ वर. प्रत्येक चमच्यानंतर पुन्हा वास घ्या. धुरकट वासाचा ग्वायाकॉल हा रेणू पाणी घातल्यावर पृष्ठभागाकडे सरकतो, हे २०१७ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी संगणकीय प्रतिकृतीतून दाखवलं. क्लोरीनचा वास येणारं नळाचं पाणी मात्र नको.

बर्फाने गोडवा आधी दबतो, मागे उरतो धूर आणि कडवटपणा. थंडच हवी असेल तर सरळ हायबॉल करा: उंच ग्लास बर्फाने भरून ३० मिली व्हिस्की, ९० मिली थंडगार सोडा, चमचा एकदाच फिरवा. बुडबुड्यांबरोबर धूर छान वर येतो. कोला नको, मग स्कॉचचे पैसे कशाला घालवायचे?

चखण्यात खारे शेंगदाणे, काजू, डार्क चॉकलेट. लिंबू-तिखट मारलेला मसाला पापड जीभ ताब्यात घेतो.

दोन बाटल्यांची तुलना करायची असेल तर कमी धुराची आधी: ब्लॅक लेबल, मग जॉनी वॉकरचीच जास्त धुरकट डबल ब्लॅक. उलट क्रमाने ब्लॅक लेबल पाणचट वाटेल.

बाटली उभीच ठेवा, आडवी ठेवल्यास अल्कोहोल बूच खातं. तळाशी पाव भाग उरला की हवेने धूर मंदावत जातो. ती उरलेली व्हिस्की छोट्या बाटलीत काठोकाठ भरा.