कालव्याकाठच्या कच्च्या वाटेवर सायकल कशी चालवावी

मोटारींच्या रस्त्यावर सायकल चालवताना निम्मं लक्ष मागून येणाऱ्या आवाजाकडे असतं. कालव्याकाठच्या वाटेला लागलं की दहाएक मिनिटांत खांदे आपोआप सैल पडतात. टायरखाली खडी करकरते, एका अंगाला संथ पाणी, दुसऱ्या अंगाला शेतं. हे सुख मिळायला महागडी सायकल लागत नाही. वाट पारखून घ्यावी लागते, टायरात हवा बेताची ठेवावी लागते आणि वेगाचा हट्ट घरी ठेवून निघावं लागतं.

आधी वाट, मग सायकल

नवख्या माणसाने कालव्यापासून सुरुवात करावी असं मी सांगतो, कारण तिथे चढ जवळजवळ नसतोच. सिंचनाचा कालवा अगदी हलक्या उताराने वाहतो आणि देखभालीचा कच्चा रस्ता त्याच्याच कडेने जातो. जुन्या वाहतुकीच्या कालव्यांवर काठावरून चालणारे घोडे दोराने नावा ओढत, आणि आज आपण सायकल चालवतो ती वाट त्या घोड्यांसाठीच बांधलेली असते. फ्रान्समधला कानाल द्यू मिदी १६८१ मध्ये खुला झाला. त्याची लांबी सुमारे २४० किमी. अमेरिकेत पोटोमॅक नदीच्या काठाने वॉशिंग्टनपासून कंबरलँडपर्यंत जाणारी चेसापीक अँड ओहायो कालव्याची वाट १८४.५ मैलांची, म्हणजे जवळपास २९७ किमी आहे. तिच्यावरून मोटारींचा रस्ता न्यायचं घाटत होतं. त्याला विरोध म्हणून सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस १९५४ मध्ये ही वाट पायी चालले, पत्रकारांनाही सोबत घेऊन. १९७१ मध्ये तिला राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यानाचा दर्जा मिळाला. बिनमोटारीची वाट टिकवायलाही कुणीतरी चालावं लागतं, हे तिथे सायकल चालवताना आठवत राहतं.

आपली वाट शोधायला ओपनस्ट्रीटमॅपवर (लोकांनी मिळून बनवलेल्या मोफत नकाशावर) आधारलेला कोणताही नकाशा उघडा. त्यात कच्च्या रस्त्यांना १ ते ५ अशी प्रत दिलेली असते. १ म्हणजे टणक, ५ म्हणजे मऊ माती किंवा गवत. पहिल्या फेरीला १ आणि २ पुरे. मग तीच रेघ उपग्रहाच्या चित्रात बघा. एकसारखी फिकट पट्टी दिसली तर बहुधा दाबलेली खडी किंवा मुरूम. दोन रेघा आणि मधे हिरवं दिसलं तर गाडीवाटेची चाकोरी. तिथूनही जाता येतं, फक्त वेळ जास्त लागतो. काही कालव्यांचे काठ पाणी खात्याच्या ताब्यात असतात आणि तिथे बाहेरच्यांना मज्जाव असतो. तेव्हा फाटकावरची पाटी वाचा, आणि मनाई असेल तर शेजारची पाणंद किंवा शीवरस्ता धरा.

अंतर किलोमीटरमध्ये ठरवू नका, तासांमध्ये ठरवा. डांबरावर ताशी २२ किमीने जाणारा माणूस खडीवर १५–१६ वर येतो, चिखलात त्याहून खाली. पहिल्यांदा तासभर जाऊन त्याच वाटेने परत या. कालव्याकाठी वाऱ्याला आडोसा नसतो, म्हणून जाताना वारा तोंडावर आणि येताना पाठीवर राहील अशी दिशा धरा.

टायर आणि हवा

३८ ते ४५ मिमी रुंदीचे टायर उत्तम. ३५ मिमी टायरची हायब्रिड, म्हणजे डांबर आणि कच्ची वाट दोन्हींसाठीची सायकल, कोरड्या, दाबलेल्या वाटेवर छान चालते, आणि माउंटन बाइक असेल तर दुसरी सायकल घ्यायची मुळीच गरज नाही.

खरा फरक पडतो तो हवेने. सुरुवातीला मी डांबरावरच्या सवयीने टायर दगडासारखे कडक भरून खडीवर गेलो. दोन तासांनी बोटं इतकी बधिर झाली की हेल्मेटची चाप उघडेना. मला वाटलं हातमोजे पातळ आहेत. बरोबरच्या मित्राने काही न बोलता माझ्या पुढच्या टायरवर अंगठा दाबला, व्हॉल्व्हची टोपी काढली आणि नखाने हवा सोडायला लागला. फुस्स, थांबला, पुन्हा अंगठा. अंगठा जोरात दाबल्यावर टायर थोडा दबेल इतपत झालं तेव्हा म्हणाला, आता चल. त्याच खडीवर सायकल आदळायची थांबली आणि चाकं दगडांवरून वळसा घेतल्यासारखी जाऊ लागली.

आकडा हवा असेल तर ७० किलोच्या माणसाने ४० मिमी टायरला ट्यूब असल्यास साधारण ३५ पीएसआय (पंपावरचं हवेच्या दाबाचं माप), ट्यूबलेस असल्यास ३० पासून सुरुवात करावी. मागच्या चाकात दोन-तीन जास्त. टायरच्या कडेवर छापलेल्या मर्यादेबाहेर जाऊ नका. दगडावरून जाताना रिम ठक्‌कन लागली तर दोन पीएसआय वाढवा. हात थरथरत असतील तर दोन कमी करा.

खडीवरचा हात

हँडल घट्ट आवळू नका. खडीवर पुढचं चाक थोडं इकडेतिकडे जाणारच, त्याला जाऊ द्यावं. नजर चाकापुढे नको, आठ-दहा मीटर लांब ठेवा. खड्ड्याकडे बघत राहिलात तर चाक खड्ड्यातच जातं, आणि पाण्याकडे बघत राहिलात तर काठाकडे. दोन चाकोऱ्या असतील तर पाण्यापासून लांबची धरा.

ब्रेक वळणाच्या आधी लावायचा, वळणात नाही. पुढचा ब्रेक हळुवार आणि मागच्याच्या जोडीने. एकटा पुढचा करकचून दाबला की सुट्या खडीवर चाक सटकतं. वाळूचा किंवा मऊ मातीचा पट्टा दिसला तर आधीच थोडा वेग घ्या, गियर एक-दोन पायऱ्या जड करा, बूड सीटवरच ठेवा आणि पाय थांबवू नका. ओल्या लाकडी पुलावर आणि ओल्या पालापाचोळ्यावर सरळ जा. तिथे ना ब्रेक, ना वळण.

पूल आणि लॉक

जुन्या कालव्यांवर नावा चढवण्या-उतरवण्यासाठी लॉक, म्हणजे दारं लावून पाण्याची पातळी वर-खाली करायचे कप्पे असतात आणि वाट त्यांच्या बाजूने एकदम चढते. एरवी चढ नसल्यामुळे माणूस बेसावध असतो, म्हणून लॉकची दारं दिसताच गियर हलका करा. इंग्लंडमध्ये डिव्हायझिसजवळ केनेट अँड एव्हन कालव्यावर सुमारे ३ किमीत २९ लॉक आहेत आणि ते ७२ मीटर चढतात.

कमानीच्या पुलाखाली वाट अरुंद होते, डोक्यावर दगड येतो आणि समोरचं दिसत नाही. घंटी वाजवा, उतरा, सायकल ढकलत न्या. उतरलाच आहात तर कमानीचा कोपरा बघा. दोराने विहिरीच्या काठाला पडतात तशा खाचा तिथे सापडतात, काही ठिकाणी तर लोखंडी पट्टीवरही. नावा ओढणारे दोर वर्षानुवर्षं घासून त्या पडल्या आहेत. त्यातून बोट फिरवून बघा, वाट कुणाची होती ते कळतं.

वाटेवरची माणसं

या वाटेवर पायी चालणाऱ्याचा मान पहिला. वीसेक मीटरवरून घंटी वाजवा, वेग चालण्याइतका करा, माणसाने मागे वळून पाहिलं की मगच पुढे जा. घंटी वाजवून तसंच सुसाट जाणं मला धक्का मारण्यासारखंच वाटतं. गळ टाकून बसलेल्यांच्या काठ्या वाटेवर आडव्या असतात, बांधलेल्या नावांचे दोर आणि खुंट गवतात लपलेले असतात. घोडा किंवा गुरं समोर आली तर थांबून आवाज द्या. घंटीपेक्षा माणसाच्या आवाजाला जनावर कमी बुजतं.

पिशवीत काय

एक जास्तीची ट्यूब, टायर काढायच्या पट्ट्या, पंप, पॅच, दिवा आणि नेहमीपेक्षा जास्त पाणी. पंक्चर झालं तर नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोटं हळू फिरवून काटा शोधा, नाहीतर दुसरी ट्यूबही शंभर मीटरवर बसते. ट्यूबलेस असेल तर आतलं सीलंट (छिद्र बुजवणारा द्रव) दर दोन-तीन महिन्यांनी बघा, ते वाळतं. खरचटलं तर जखम कालव्याच्या पाण्याने धुऊ नका. उंदरांच्या मुतातून साचलेल्या पाण्यात लेप्टोस्पायरोसिसचे जंतू येतात. बाटलीतलं पाणी वापरा आणि खाण्याआधी हात धुवा.

घरी आल्यावर साखळी कोरड्या फडक्याने पुसून तेल घाला. धुताना पाण्याचा जोराचा फवारा चाकांच्या आसांवर मारू नका, आतलं ग्रीस निघून जातं. मग नकाशा पुन्हा उघडा आणि कुठे चिखल लागला, कुठलं फाटक बंद होतं, कुठल्या पुलावरून रस्त्याला लागता येतं ते टिपून ठेवा. पावसानंतर त्याच वाटेला जाल तेव्हा ते टिपण हाताशी लागेल.