राखीव जागांच्या राजकारणात लोहियांचा माग कसा काढावा

समाजवाद्यांचा आजचा प्रभाव पक्षांच्या नावांवरून किंवा फलकांवरच्या फोटोंवरून मोजू नका. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २९-अ प्रमाणे नोंदणी हवी असलेल्या प्रत्येक पक्षाला समाजवादावरची निष्ठा लिहून द्यावी लागते. तिथे सगळेच समाजवादी! माणसाऐवजी मागणी धरा.

समाजवादी नेते राममनोहर लोहिया यांच्यासाठी राखीव जागांची मागणी सोयीची. आधी ती नीट उतरवून घ्या: कोणाला, किती, कुठे. नुसती त्यांच्या संयुक्त समाजवादी पक्षाची, म्हणजे संसोपाची, घोषणा (‘संसोपा ने बांधी गाँठ, पिछड़े पावें सौ में साठ’) उतरवली की पहिला घोटाळा इथेच होतो. लोहियांच्या साठ टक्क्यांत शूद्र जाती, दलित, आदिवासी, अल्पसंख्याकांतले मागास आणि सर्व जातींच्या स्त्रिया होत्या. आजचा ‘ओबीसी’ त्यातला एक तुकडा.

मग प्रत्येक सरकारी निर्णय या यादीशी ताडून पाहा. काय टिकलं यापेक्षा काय गळलं, ते जास्त बोलकं असतं.

१९७८, बिहार. समाजवादी मुख्यमंत्री कर्पूरी ठाकुरांनी सरकारी नोकऱ्यांत २६ टक्के दिले: अतिमागासांना १२, मागासांना ८, स्त्रियांना ३, सवर्ण गरिबांना ३. स्त्रिया अजून यादीत आहेत, पण साठाशी तुलना केली तर नावापुरत्या. उलट मागासांमधली उतरंड इथे आकड्यात दिसते.

पुढचा टप्पा मंडल आयोग. नेमणूक १९७९, अहवाल १९८०, अंमलबजावणीची घोषणा ७ ऑगस्ट १९९०. आयोगाचे अध्यक्ष बिंदेश्वरी प्रसाद मंडल एकेकाळी संसोपाचेच, तरी अहवालातल्या २७ टक्क्यांचं श्रेय थेट लोहियांना देऊ नका. आयोगाच्या अंदाजात ओबीसी ५२ टक्के होते. पण अनुसूचित जाती-जमातींचे २२.५ धरून बेरीज पन्नासच्या आत बसवायची होती, म्हणून २७. हे न्यायालयीन मर्यादेचं गणित आहे, विचारधारेचं नाही. आणि स्त्रिया? त्या या कोट्यातून गळल्या.

आता उलट दिशेने तपासा, म्हणजे हीच मागणी आधी कोणी केली होती का. शाहू महाराजांनी १९०२ मध्येच करवीर संस्थानात ५० टक्के जागा राखल्या होत्या. त्यामुळे जातीनिहाय राखीव जागांची कल्पना लोहियांच्या खाती टाकता येत नाही. त्यांच्या खाती टाकायचं ते हे: स्त्री आणि मागास जात यांना एकाच यादीत बसवणं, आणि त्या यादीभोवती काँग्रेसविरोधी मतं जुळवणं. १९६७ मध्ये अनेक राज्यांत संयुक्त सरकारं आली, त्यात या जुळवणीचा मोठा वाटा होता.

शेवटची तपासणी लोकसभा-विधानसभांतल्या महिला आरक्षणाची. १९९६ पासून या विधेयकाला अडवणाऱ्यांत लोहियांचं नाव घेणारे पक्ष पुढे होते. इथे ‘विरोध’ एवढंच लिहिलंत तर नोंद चुकते. ओबीसी स्त्रियांसाठी वेगळ्या कोट्याची त्यांची अट सोबत लिहा. २०२३ च्या १०६ व्या घटनादुरुस्तीत स्त्रियांसाठी एक तृतीयांश जागांची तरतूद झाली, त्यांत अनुसूचित जाती-जमातींच्या स्त्रियांचा वाटाही आहे. ओबीसी स्त्रियांचा रकाना मात्र तुमच्या तक्त्यात रिकामाच राहील.