बेस गिटारसाठी फझ पेडल कसे निवडावे

फझ पेडल म्हणजे पायाने दाबून सुरू करायची, वाद्याचा आवाज मुद्दाम फाटका आणि खरखरीत करणारी छोटी पेटी. मी माझे पहिले फझ पेडल दुकानात एकट्याने वाजवून घेतले होते. घरच्या खोलीत त्याचा आवाज इतका भरदार वाटला की आता वेगळे काही शोधायला नको, असेच मी धरून चाललो. आठवड्याने बँडच्या तालमीत, ज्या जागी गाणे उसळायला हवे होते नेमक्या त्याच जागी, मी पेडलवर पाय दिला आणि बेस ऐकूच येईनासा झाला. ड्रम वाजवणाऱ्या मित्राने वाजवणे थांबवून विचारले, "अरे, तार तुटली का?" तार तुटली नव्हती. माझा आवाज वाढलाही होता, पण त्याच्या तळातला खर्ज गेला होता आणि उरलेली करकर दोन गिटारच्या आवाजात मिसळून नाहीशी झाली होती. म्हणून बेससाठी फझ निवडताना 'हे पेडल किती खरखरीत वाजते' हा प्रश्न दुसरा मानावा. 'पेडल सुरू केल्यावर खर्जाचे काय होते' हा पहिला.

फझ नेमके काय करतो हे समजले की पुढच्या सगळ्या गोष्टी सोप्या होतात. तारेतून येणारा विद्युत संदेश गोलाईने वरखाली होणाऱ्या लहरीसारखा असतो. फझमधले ट्रान्झिस्टर तो इतका वाढवतात की लहरीचे शेंडे छाटले जातात आणि तिचा आकार जवळजवळ चौकोनी होतो. अशा चौकोनी लहरीत मूळ स्वराबरोबर त्याच्या तिप्पट, पाचपट, सातपट वारंवारतेचे उपस्वर उभे राहतात. बेसची सर्वांत जाड तार मोकळी वाजवली तर तिचा मूळ स्वर ४१ हर्ट्झच्या आसपास असतो. फझमधून गेल्यावर त्यात १२३, २०५ हर्ट्झ आणि त्यापुढचे उपस्वर ठळक होतात. तंबोऱ्याची जवारी नीट लागली की खर्जाची तार जशी उपस्वरांनी भरून येते आणि लांबूनही ऐकू येते, तसाच काहीसा हा परिणाम आहे. मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरवर साधा बेस हरवतो पण फझ लावलेला बेस कळतो, त्याचे कारण हेच. मात्र जवारीत मूळ षड्ज शाबूत राहतो. फझमध्ये तो राहीलच असे नाही.

मुळात या आवाजाचा जन्मच बेसच्या कुळातल्या वाद्यातून झाला, हे मला महत्त्वाचे वाटते. अमेरिकेतल्या नॅशव्हिल येथे गायक मार्टी रॉबिन्स यांच्या १९६१ साली गाजलेल्या एका गाण्याचे ध्वनिमुद्रण चालू असताना ग्रेडी मार्टिन सहा तारांचा बेस वाजवत होते आणि मिक्सिंग कन्सोलमधल्या बिघाडामुळे त्यांचा आवाज फाटला. तो फाटका आवाज मुद्दाम ठेवला गेला. ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी पुढे तोच परिणाम देणारे सर्किट बनवण्यात हात घातला आणि गिब्सन कंपनीने १९६२ साली ते माएस्ट्रो फझ-टोन या नावाने विक्रीस आणले. १९६५ च्या 'रबर सोल' या बीटल्सच्या अल्बममधल्या एका गाण्यात पॉल मॅकार्टनी यांनी फझ लावलेला बेस वाजवला आहे. पण त्याच गाण्यात त्यांचा साधा बेसही सोबत वाजतो. तळाला साधा बेस आणि त्यावर फझ, ही रचना तेव्हापासूनची आहे, आणि पेडल निवडताना तीच डोळ्यांसमोर ठेवावी.

खर्ज जातो कुठे? गिटारसाठी बनवलेल्या पुष्कळ सर्किटांत संदेश ज्या कपॅसिटरमधून (वीज साठवणाऱ्या छोट्या भागातून) पुढे जातो तो लहान मूल्याचा असतो. ०.०१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि त्याच्यापुढे १०० किलोओहमचा रोध असेल, तर सुमारे १६० हर्ट्झच्या खालचा आवाज उतरू लागतो. चार तारांच्या बेसच्या चारही मोकळ्या तारांचे मूळ स्वर १०० हर्ट्झच्या आत असतात, तेव्हा अशा सर्किटात काय होईल हे उघड आहे. कपॅसिटर दसपट मोठा केला, की हीच मर्यादा १६ हर्ट्झवर येते आणि खर्ज सुखरूप पार होतो. म्हणून जे पेडल खास बेससाठी बनवले आहे त्यात बहुधा याच जागी बदल केलेला असतो. दुसरे कारण मधल्या स्वरांचे. १९६९ च्या सुमारास बाजारात आलेल्या बिग मफ या प्रसिद्ध पेडलचे टोन सर्किट एक हजार हर्ट्झच्या आजूबाजूचा भाग खाली दाबते. एकट्याने ऐकताना हा खोलगट आवाज प्रचंड वाटतो. बँडमध्ये मात्र बेसचे स्वर ओळखू येतात ते याच मधल्या पट्ट्यामुळे, आणि तो गेला की वाद्य हरवते. माझ्या त्या तालमीतल्या फजितीमागे ही दोन्ही कारणे एकत्र होती.

यावरचा सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे साधा आवाज मिसळण्याची सोय. काही पेडलांवर त्यासाठी 'ब्लेंड' नावाचा एक नॉब असतो, काहींवर साध्या आणि फझच्या आवाजासाठी दोन वेगळे नॉब असतात. एमएक्सआर कंपनीच्या बेस फझ डिलक्समध्ये असे दोन स्वतंत्र नॉब आहेत आणि मला ही व्यवस्था अधिक पसंत आहे, कारण एक वाढवताना दुसरा आपोआप कमी होत नाही. बिग मफ बनवणाऱ्या इलेक्ट्रो-हार्मोनिक्स कंपनीच्या बेस बिग मफमध्ये साधा आवाज जोडण्यासाठी नॉबऐवजी बटण आहे, तर त्याच्या डिलक्स आवृत्तीत साध्या आवाजातला वरचा भाग आणि फझमधला खालचा भाग गाळण्याचीही सोय आहे. अशा गाळणीचा फायदा मोठा आहे: खालचा पट्टा पूर्णपणे साध्या बेसकडे राहतो, वरचा फझकडे, आणि दोघे एकमेकांच्या जागेत शिरत नाहीत. म्यूझ या बँडचे बेसवादक क्रिस वोल्स्टनहोम साधा आणि फझचा आवाज वेगवेगळ्या वाटांनी नेतात, त्यामागेही हाच विचार आहे.

ब्लेंड असलेले पेडल मिळाले म्हणजे काम झाले असे मात्र नाही. सर्किटातल्या टप्प्यांच्या रचनेमुळे फझची लहर कधीकधी उलटी होऊन बाहेर येते. म्हणजे साधी लहर वर जात असताना ती खाली जाते. दोन्ही एकत्र आल्या की खर्ज एकमेकांना खोडून काढतो. याची परीक्षा सोपी आहे. ब्लेंड पूर्ण एका टोकाला ठेवून जाड तार मोकळी वाजवावी, मग पूर्ण दुसऱ्या टोकाला, आणि शेवटी मधोमध. मधोमध ठेवल्यावर तळ दोन्ही टोकांपेक्षा पातळ झाला, तर ते पेडल तुमच्या कामाचे नाही. ब्लेंड नसलेले एखादे जुने आवडते पेडल वेगळ्या मिक्सर पेडलमधून साध्या आवाजाशी जोडण्याचा विचार असेल, तर ही परीक्षा आधी करावी.

आता प्रकारांबद्दल. बिग मफच्या घराण्यातली पेडले लांब टिकणारा, दाट, भिंतीसारखा आवाज देतात. संथ, जड संगीतात ती शोभतात. १९९० च्या दशकात रशियात बनलेली हिरव्या रंगाची बिग मफ बेसवादकांना विशेष आवडली ती तिच्या भक्कम तळामुळे, आणि आज तिच्या धर्तीवरची बरीच पेडले मिळतात. फझ फेस हे १९६६ चे पेडल अवघ्या दोन ट्रान्झिस्टरचे. बोट जोरात पडले तर आवाज फाटतो आणि हळू वाजवले तर निवळतो, म्हणून बोटांच्या वजनातला फरक ज्यांना ऐकवायचा आहे त्यांनी याच घराण्यात शोधावे. झी-वेक्सच्या वुली मॅमथसारख्या पेडलात स्वर एकदम सुरू होतो आणि एकदम तुटतो. तो सिंथेसायझरच्या जवळ जाणारा आवाज आहे, तुटक वाजवण्यात रंगत आणतो, पण लांब स्वर मागणाऱ्या गाण्यात निराशा करतो. वरचे सप्तक जोडणारा फझ बेससाठी पहिले पेडल म्हणून घेऊ नये, एवढेच सांगतो.

तुमचा बेस कोणता, यावरही निवड अवलंबून आहे. फझ फेससारख्या सर्किटांचा इनपुट इम्पिडन्स (येणाऱ्या संदेशाला होणारा विद्युत विरोध) फार कमी असतो आणि ती थेट पॅसिव्ह पिकअपला, म्हणजे बॅटरीशिवाय तारांची कंपने टिपणाऱ्या बेसवरच्या चुंबकी भागाला, जोडली जाण्याच्या हिशेबाने बनलेली असतात. बेसमध्ये बॅटरीवर चालणारा प्रीअँप (संदेश आधीच वाढवणारे सर्किट) असेल, किंवा मध्ये बफर (संदेश भक्कम करून पुढे देणारे सर्किट) असलेला ट्यूनर अथवा वायरलेस रिसीव्हर असेल, तर तेच पेडल चिरका आणि बोथट आवाज देते, आणि बेसचा व्हॉल्यूम कमी करून आवाज निवळवण्याची मजाही जाते. अशा वेळी एकामागोमाग जोडलेल्या पेडलांच्या साखळीत फझ सर्वांत आधी ठेवावा, किंवा प्रीअँपच्या बेसला चालेल असे मफ घराण्यातले पेडल घ्यावे. ऑक्टेव्हर (मूळ स्वराला वरच्या किंवा खालच्या सप्तकातला स्वर जोडणारे पेडल) वापरत असाल तर तो फझच्या आधी असावा, कारण त्याला स्वर ओळखायला स्वच्छ लहर लागते. फझ विजेची गुणगुणही वाढवतो. जॅझ बेस या दोन पिकअपच्या बेसवर दोन्ही पिकअपचे नॉब सारखे ठेवले की ती बरीच कमी होते.

दुकानात जाताना स्वतःचा बेस न्यावा. पेडल बंद आणि चालू असतानाचा आवाज आधी एकसारख्या पातळीवर आणावा. हे केले नाही तर कानाला मोठा आवाज नेहमी चांगलाच वाटतो आणि तुलनेला अर्थ राहत नाही. मग बँडमध्ये प्रत्यक्ष वाजवता तेच तुकडे वाजवावेत. जाड तारेवर मोकळा स्वर, मग पाचवा फ्रेट, मग बारावा, असे जाताना कोणता स्वर अचानक बसतो किंवा उसळतो ते ऐकावे. एक स्वर धरून तो कसा विझतो हे शेवटपर्यंत ऐकावे. चांगला फझ हळूहळू साध्या आवाजात उतरतो, वाईट फझ शेवटी फरफरून तुटतो. दोन तारा एकत्र वाजवून पाहाव्यात. षड्ज-पंचम बहुतेक पेडलांत चालतो, पण षड्ज-गंधार खालच्या सप्तकात वाजवला की दोन स्वरांच्या फरकातून नवे, बेसूर वाटणारे स्वर तयार होतात आणि चिखल होतो. तो फझचा स्वभाव आहे, पेडलचा दोष नाही. जमल्यास मोबाइलवर आपल्या बँडच्या तालमीचे ध्वनिमुद्रण लावून त्याबरोबर वाजवावे. मी पहिल्या वेळी एवढे केले असते तरी पुरले असते.

आपल्याकडच्या पुष्कळ कार्यक्रमांत बेस अँपमधून न जाता थेट साउंड सिस्टिमला जोडला जातो. अँपच्या स्पीकरमध्ये वरचा कर्कश भाग आपोआप गळतो; थेट जोडणीत तो जसाच्या तसा श्रोत्यांपर्यंत पोहोचतो आणि फझ माश्या घोंघावल्यासारखा वाजतो. तेव्हा टोनचा नॉब खूप खालपर्यंत जाणारे पेडल घ्यावे, किंवा पुढे स्पीकरचा परिणाम देणारा डीआय (वाद्य थेट साउंड सिस्टिमला जोडणारी पेटी) जोडून चार-पाच हजार हर्ट्झच्या वरचा भाग कापावा. अँपच्या कॅबिनेटमध्ये ट्वीटर (फक्त वरचे स्वर देणारा छोटा स्पीकर) असेल तर तोही बंद ठेवून पाहावा.

राहिला प्रश्न ट्रान्झिस्टर जर्मेनियमचे घ्यावेत की सिलिकॉनचे. जर्मेनियम ट्रान्झिस्टरचा आवाज मऊ असतो, हे खरे आहे. पण तापमान वाढले की त्यांतली विद्युत गळती वाढते आणि पेडलचा स्वभाव बदलतो. मे महिन्यात नागपुरात उघड्या मंचावर वाजवायचे असेल तर मी सिलिकॉनच घेईन. शिवाय जुन्या धर्तीच्या काही जर्मेनियम पेडलांत विजेची दिशा उलटी असते आणि ती इतर पेडलांबरोबर एकाच वायरीच्या साखळीवर चालवता येत नाहीत. घेण्यापूर्वी पेडलवरचे चिन्ह पाहावे: ९ व्होल्ट, मधला बिंदू ऋण, हे आजचे रूढ प्रमाण. फझ वीज फार थोडी घेतो, त्यामुळे एक बॅटरी बराच काळ पुरते; फक्त वाजवून झाल्यावर इनपुटची वायर काढून ठेवावी, कारण बहुतेक पेडलांत ती वायर जोडलेली असेपर्यंत बॅटरी खर्च होत राहते.