ॲड्स डॉट टीएक्सटी ‘सापडली नाही’: ब्लॉगरवर स्वतःचे डोमेन असताना लागू पडलेला उपाय

साताऱ्यातील किल्ल्यांवरचा आमचा महाविद्यालयीन प्रकल्प ब्लॉगर या गूगलच्या ब्लॉगसेवेवर स्वतःच्या डोमेनसह (वेबपत्त्यासह) सुरू होता आणि त्याला ॲडसेन्सची, म्हणजे गूगलच्या जाहिरात सेवेची, मंजुरीही मिळाली होती. तरीही साइटवरच्या जाहिराती कोण विकू शकतो हे सांगणाऱ्या ॲड्स डॉट टीएक्सटी (ads.txt) या फाइलची स्थिती ॲडसेन्समध्ये ‘सापडली नाही’ अशीच दिसत राहिली. त्या फाइलसाठी ॲडसेन्सने दिलेली ओळ पुन्हा चिकटवून पाहिली, थीम बदलली, काही उपयोग झाला नाही. सादरीकरण तोंडावर आलेले असताना हे फारच वैतागवाणे होते.

ही फाइल मूळ डोमेनवर, म्हणजे ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ नसलेल्या पत्त्यावर शोधली जाते, आणि आमचा तो पत्ता उघडतच नव्हता. म्हणून प्रथम डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनचे नाव कोणत्या सर्व्हरकडे न्यायचे हे ठरवणाऱ्या नोंदींमध्ये, मूळ नावासाठी २१६.२३९.३२.२१, २१६.२३९.३४.२१, २१६.२३९.३६.२१ आणि २१६.२३९.३८.२१ हे चार ए-रेकॉर्ड (सर्व्हरचा आकडी पत्ता सांगणाऱ्या नोंदी) भरले. त्यानंतर ब्लॉगरच्या सेटिंग्जमध्ये डोमेन रीडायरेक्ट (मूळ पत्ता ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’च्या पत्त्याकडे वळवणे) चालू केले, आणि कमाईच्या विभागात कस्टम ॲड्स डॉट टीएक्सटी सुरू करून ॲडसेन्सने दिलेली ओळ, स्वल्पविरामांसकट, जशीच्या तशी ठेवली. मूळ पत्त्यापुढे तिरकी रेघ व फाइलचे नाव टाइप केल्यावर ब्राउझरमध्ये तीच ओळ दिसते याची खात्री केली, आणि मगच ॲडसेन्सला फेरतपासणी करायला सांगितले. स्थिती बदलायला काही दिवस जातात, वाचक कमी असल्यास महिनाही लागू शकतो. तोवर रेकॉर्डना हात लावू नये.