लहान मुलं दारूबद्दल घरातच शिकतात: या चुका टाळा

"एवढ्याशा पोराला काय कळतंय," असं म्हणून मुलासमोर बाटली उघडली जाते. पण त्याला कळतं. २००५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २ ते ६ वर्षांच्या १२० मुलांना बाहुल्या आणि खेळण्यातलं दुकान दिलं होतं. बाहुलीकडे मैत्रीण येणार आहे, खरेदी करून आणा, एवढंच सांगितलेलं. सुमारे ६२ टक्के मुलांनी दारू घेतली. ज्यांचे आईवडील महिन्यातून एकदा तरी पीत होते, त्या मुलांमध्ये ही शक्यता तिप्पट होती.

दारू कोण पितं, कधी पितं, प्यायल्यावर घरात काय होतं, हे मूल शाळेत जायच्या आधी बघून ठेवतं. घरात रोज कोणी पिणारं असो, नाहीतर पाहुणे आले की कधीतरी बैठक होत असो, या गोष्टी जपायलाच हव्यात.

"ते बाबांचं औषध आहे"

मुलाने बाटलीकडे बोट दाखवलं की हे उत्तर पटकन दिलं जातं. औषधाने बरं वाटतं हे मुलाला माहीत असतं, त्यामुळे बाटलीची भीती उरत नाही. थंड पेयाच्या बाटलीत दारू भरून फ्रिजमध्ये ठेवणं तर याहून धोक्याचं. सरळ सांगा, "ही दारू आहे. मुलांनी हात लावायचा नाही, शरीराला त्रास होतो." तीन-चार वर्षांच्या मुलाला एवढं पुरतं.

चकणा, सोडा, बर्फ आणायला पाठवणं

मोठ्यांच्या बैठकीत आपल्यालाही काम मिळालं याचा मुलाला अभिमान वाटतो, आणि तोच अभिमान बाटलीशी जोडला जातो. दारूची बाटली मुलाच्या हाती देऊन आणणं-पोचवणं करवून घेऊच नका. बाल न्याय कायद्याच्या कलम ७८ खाली तो गुन्हा आहे.

"एक घोट चाखू दे"

बोट बुडवून चाटवायचं आणि मुलाचं तोंड वाकडं झालं की सगळ्यांनी हसायचं, हे कितीतरी घरांत चालतं. सर्दी झाली म्हणून चमचाभर ब्रँडी पाजणारेही आहेत. लहान मुलाच्या यकृतात साखरेचा साठा थोडा असतो आणि दारूमुळे शरीराला नवी साखर बनवता येत नाही. उपाशीपोटी असेल तर रक्तातली साखर एकदम उतरून झटकेही येऊ शकतात. सर्दीला ब्रँडीचा काहीही उपयोग नाही. बैठक संपल्यावर तळाशी दारू उरलेले पेले सकाळपर्यंत टीपॉयवर ठेवू नका, त्याच रात्री धुऊन टाका. मूल चुकून प्यायलंच, तर वाट न बघता दवाखाना गाठा.

"आज फार डोकं उठलंय, एक पेग घेतो"

एवढ्या एका वाक्यातून मूल शिकतं की त्रासावर उपाय बाटलीत असतो. पिण्याचं कारण मुलांसमोर बोलून दाखवू नका. ताण विसरण्यासाठी पिणाऱ्या पालकांच्या लहान मुलांना बिअरचा वास जास्त नकोसा वाटतो, असं एका अभ्यासात दिसलं आहे. वासाबरोबर मूल घरातला ताणही हेरत असावं, असं मला वाटतं.

मुलाला शपथ घालायला लावणं

ही चूक सर्वांत जास्त जाचते, आणि ती बहुतेक वेळा न पिणाऱ्याच्या हातून, अगतिकतेपोटी होते. "जा, बाबांना सांग, माझी शपथ आहे, पिऊ नका." बाबा त्या रात्री शपथ घेतात आणि आठवड्याने ती मोडतात. पाच वर्षांच्या मुलीला यातून एकच अर्थ लागतो: बाबांचं माझ्यावर प्रेम नाही, किंवा मी कुठेतरी कमी पडले. व्यसन हा आजार आहे, मुलाच्या शपथेने तो बरा होत नाही. "आईला सांगू नकोस हं" म्हणून मुलाला गुपितात ओढणंही तितकंच वाईट, कारण मग घरातलं कुणाशीच बोलायचं नाही अशी सवय त्याला लागते. अशा मुलाला वारंवार ऐकू द्या, "बाबा पितात ते तुझ्यामुळे नाही. त्यांना थांबवणं तुझं काम नाही. ते मोठ्यांनी बघायचं."

मूल "चिअर्स" खेळायला लागलं तर

रागावू नका, हसूही नका. "पेल्यात काय आहे? कोण कोण पितंय? मग काय होतं?" असं शांतपणे विचारा. खेळातली बाहुली झिंगून ओरडत असेल, मारत असेल, तर मुलाने ते कुठेतरी पाहिलेलं असू शकतं. मुलाला मारहाण होत असल्याची शंका आली तर १०९८ या चाइल्डलाइनवर फोन करता येतो.

पिणारा माणूस उपचाराला तयार नसला तरी घरच्यांनी मदत घ्यावी. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ ही मोफत राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. अल-अनॉन या गटाच्या सभा तर पिणाऱ्याच्या घरच्यांसाठीच असतात, तो आला नाही तरी तुम्ही जाऊ शकता.