वाणिज्य, वित्त आणि सार्वजनिक धोरण शिकायला निघण्यापूर्वी: सीमाभागातील विद्यार्थ्यासाठी तयारीची यादी

पी.यू.सी.चे (कर्नाटकातल्या अकरावी-बारावीचे) दुसरे वर्ष संपत आले की बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या घरांत एकच चर्चा सुरू होते, ती म्हणजे पुढचे शिक्षण बेळगावातच की कोल्हापूर-पुण्याला. माझ्या मते हा दुसरा प्रश्न झाला. आधी ठरवायचे ते नेमके काय शिकायचे, कारण व्यवसाय, वित्त आणि सार्वजनिक धोरण ही नावे एका दमात घेतली जात असली तरी त्यांची दारे वेगळी आहेत. बी.कॉम.चा भर हिशेब आणि करांवर असतो, बीबीएचा व्यवस्थापनावर. सार्वजनिक धोरण मात्र आपल्याकडे बहुधा पदवीनंतर भेटते. बेंगळूरच्या नॅशनल लॉ स्कूलमध्ये २०१४ पासून या विषयाची पदव्युत्तर पदवी आहे आणि तिथे कोणत्याही शाखेचा पदवीधर अर्ज करू शकतो. त्यामुळे ज्याला पुढे धोरणाकडे वळायचे आहे, त्याने आता अर्थशास्त्र किंवा वाणिज्य नीट करावे, एवढे पुरे. वर्षांचा हिशेबही आताच मांडावा. कर्नाटकाने २०२१ मध्ये आणलेली चार वर्षांची रचना सोडून २०२४-२५ पासून पदवी पुन्हा तीन वर्षांची केली, तर महाराष्ट्रात चौथ्या वर्षाचा पर्याय आहे.

गणिताविषयी थोडक्यात सांगतो. पी.यू.सी.ला ज्यांनी संख्याशास्त्र असलेला ‘सेबा’ गट घेतला ते निम्मी वाट चालून आलेले असतात. इतिहास असलेला ‘हेबा’ घेतलेल्यांनी सुट्टीतले दोन महिने टक्केवारी, सरासरी, आलेख आणि चक्रवाढ व्याज यांना द्यावेत. दिल्ली विद्यापीठाच्या अर्थशास्त्र ऑनर्ससाठी बारावीला गणित लागते. ते घेतलेच नसेल तर तो मार्ग बंद आहे हे मान्य करून पुढे जावे. केंद्रीय विद्यापीठांची सीयूईटी ही सामायिक प्रवेशपरीक्षा मराठीतूनही देता येते, पण पुढची बहुतेक शिकवणी इंग्रजीत असते हे लक्षात ठेवून भाषा निवडावी.

कागदपत्रांबद्दल मी जरा सविस्तर लिहितो, कारण या बाबतीत मी स्वतः ठेचकाळलो आहे. सीमा ओलांडून प्रवेश घेताना माझ्या दहावीच्या गुणपत्रिकेवर नाव, वडिलांचे नाव, आडनाव असा क्रम होता आणि दुसऱ्या ओळखपत्रावर वडिलांच्या नावाचे नुसते आद्याक्षर होते. विद्यापीठाच्या खिडकीवरच्या कारकुनाने दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले, बोटाने ते आद्याक्षर दाखवले आणि ‘हे दोन वेगळे विद्यार्थी आहेत’ असे सांगून फाईल परत केली. प्रतिज्ञापत्र करून परतेपर्यंत वसतिगृहाची यादी लागून गेली होती. म्हणून गुणपत्रिका, आधार, बँक पासबुक आणि जातीचा दाखला एका रांगेत मांडून अक्षर न् अक्षर ताडून पाहावे, आणि तेही मे महिन्याच्या आत. नाडकचेरीतून (महसूल खात्याच्या स्थानिक कार्यालयातून) मिळणारे उत्पन्नाचे व जातीचे दाखले बहुधा कन्नडमध्ये असतात, तेव्हा कोल्हापूरला जाणाऱ्याने त्यांचे प्रमाणित भाषांतर आधीच करून घ्यावे. शाळा सोडल्याच्या दाखल्याबरोबर मायग्रेशन प्रमाणपत्रही (दुसऱ्या राज्यातल्या विद्यापीठात जाताना लागणारा स्थलांतराचा दाखला) मागावे. बेळगावात राहणाऱ्याला ते लागत नाही, त्यामुळे कॉलेज ते आपण होऊन देत नाही. मराठा समाज कर्नाटकात मागासवर्गीयांच्या ३-ब या आरक्षण प्रवर्गात मोडतो, पण तो दाखला महाराष्ट्रात आरक्षणासाठी चालेल असे गृहीत धरू नये. महाराष्ट्राच्या व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या सामायिक प्रवेशप्रक्रियेत महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादातल्या ८६५ गावांतील मराठी भाषक उमेदवारांची स्वतंत्र नोंद होते. तिच्यासाठी गाव त्या यादीतले असल्याचा आणि मातृभाषा मराठी असल्याचा, असे दोन दाखले वेगवेगळे लागतात.

आता शब्दांकडे वळू. आपल्यापैकी अनेकांची दहावी मराठीत होते, पी.यू.सी. एकदम इंग्रजीत, आणि सरकारी कागद सगळा कन्नडमध्ये. या त्रांगड्यावर मला सापडलेला उपाय म्हणजे मराठी, इंग्रजी आणि कन्नड अशा तीन रकान्यांची एक वही. ताळेबंद म्हणजे बॅलन्स शीट, रोजकीर्द म्हणजे जर्नल, खतावणी म्हणजे लेजर हे बहुतेकांना ठाऊक असते. तिसऱ्या रकान्यात मात्र अर्थसंकल्पाला ‘आयव्यय’, कराला ‘तेरिगे’, व्याजाला ‘बड्डी’ आणि कर्जाला ‘साल’ असे शब्द येतात. सालचा अर्थ वर्ष असे समजून सोसायटीचे पत्रक वाचणाऱ्याचा काय घोटाळा होईल, ते सांगायला नको. कन्नड येत नाही हे काहीजण अभिमानाने सांगतात. त्यामागची भावना मला कळते, पण ज्याला राज्याचा पैसा कुठून येतो आणि कुठे जातो हे शिकायचे आहे, त्याला पंचायतीच्या फळ्यावरचा जमाखर्च वाचता आलाच पाहिजे.

त्या वहीनंतर वाचायला घ्यावेत ते घरातले कागद. चिकोडी-अथणी भागातल्या मुलांनी उसाचे बिल पुढ्यात घ्यावे. केंद्राने २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के साखर उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये एफआरपी (कारखान्याने उसाला द्यायचा किमान दर) ठरवली आणि त्यावरील प्रत्येक ०.१ टक्क्याला ३.४६ रुपये वाढ ठेवली. उतारा ११.२५ असेल तर क्विंटलला ३८९.६० म्हणजे टनाला ३,८९६ रुपये होतात. मग वडिलांच्या हातात कमी का आले? तोडणी आणि वाहतूक वजा होते म्हणून. कोणत्या दराने वजा झाली, बिल चौदा दिवसांत मिळाले की नाही, उशीर झाला असेल तर ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे १५ टक्के व्याज लावले की नाही, एवढे प्रश्न पेन्सिलीने त्या बिलाच्या मागे लिहून काढले, तर किंमत, खर्च, येणे आणि नियमन हे चारही धडे एका चिठोऱ्यावर येतात.

दुकानदाराच्या घरातल्यांनी जीएसटीची बिले घ्यावीत. निपाणीच्या दुकानदाराने १८ टक्के कराची दहा हजारांची वस्तू संकेश्वरच्या गिऱ्हाइकासाठी पाठवली तर बिलावर केंद्राचे ९०० आणि राज्याचे ९०० असे दोन आकडे दिसतात. तीच वस्तू सीमेवरचा कोगनोळी नाका ओलांडून महाराष्ट्रातल्या कागलला पाठवली तर १,८०० रुपये आयजीएसटीचा, म्हणजे आंतरराज्य विक्रीवरच्या कराचा, एकच आकडा येतो. गिऱ्हाइकाने मोजलेली रक्कम तीच, पण राज्याचा वाटा आता महाराष्ट्राकडे जातो, कारण हा कर माल जिथे वापरला जातो त्या राज्याचा असतो. पुस्तकात हे समजायला मला एक सत्र लागले होते.

धोरण शिकणाऱ्यासाठी तर सीमा म्हणजे हाताशी असलेली प्रयोगशाळाच. निपाणीतल्या आईला कर्नाटकाच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिना २,००० रुपये मिळतात आणि कागलच्या मावशीला महाराष्ट्राच्या लाडकी बहीण योजनेचे १,५००. आकड्यांवर वाद घालण्याआधी अटी लिहून काढाव्यात. गृहलक्ष्मीत रेशनकार्डावरची कुटुंबप्रमुख स्त्री पात्र ठरते, मात्र ती किंवा तिचा नवरा आयकर वा जीएसटी भरत असेल तर नाही. लाडकी बहीण योजनेला २१ ते ६५ वयाची आणि अडीच लाखांपर्यंतच्या कौटुंबिक उत्पन्नाची अट आहे. एका योजनेत एका कार्डावर एकच स्त्री, दुसऱ्या योजनेत वय आणि उत्पन्न, या फरकामुळे सासू आणि सून यांच्यापैकी कोणाला काय मिळते हे दोन्ही घरांत विचारून पाहावे. राज्यांच्या वाट्याचेही तसेच आहे. केंद्रीय करांतल्या राज्यांच्या हिश्शात कर्नाटकाचा वाटा चौदाव्या वित्त आयोगाने ४.७१३ टक्के ठरवला होता, पंधराव्याने तो ३.६४७ वर आणला. का, याचे उत्तर शोधायला लागले की लोकसंख्या, दरडोई उत्पन्न आणि राज्यांचे भांडण सगळे ओघाने येते. बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन भरते. त्या दिवसांत सभागृहातल्या प्रश्नोत्तरांतून खर्चाचे आकडे बाहेर येतात, ते कापून वहीत चिकटवावेत.

पैशांची तयारी हाही या अभ्यासाचाच भाग समजावा. शैक्षणिक कर्ज घ्यायचे असेल तर हप्ते सुरू होईपर्यंत व्याज साठत जाते हे घरच्यांना कागदावर दाखवावे: दोन लाखांवर दहा टक्क्यांनी सरळ व्याज धरले तरी तीन वर्षांत साठ हजार होतात. शक्य असेल तर शिकत असतानाच ते व्याज दरमहा भरत राहावे. लॅपटॉपची घाई पहिल्या सत्रात करू नये. साधा कॅल्क्युलेटर आणि कॉलेजच्या संगणकावरची एक्सेल पुरते.

निघण्याच्या आदल्या रात्री पिशवीत मूळ कागद वेगळ्या प्लास्टिकच्या पाकिटात, प्रत्येकाच्या तीन साक्षांकित प्रती, ती तीन रकान्यांची वही आणि वडिलांच्या परवानगीने उसाचे किंवा दुकानाचे एक जुने बिल ठेवावे. पहिल्या महिन्यात कोणी प्राध्यापक उदाहरण द्यायला सांगतील, तेव्हा ते बिल उपयोगी पडेल.